श्रीमंत देशांनी आपत्तीत दुसऱ्यांची मदत घ्यावी का?

दूधगंगाकाठ (१४ जानेवारी २०२५, रात्री ९.१२)

मंडळी, नमस्कार. कालपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतेय.

लॉस एंजेलिसला ७ तारखेपासून वणवे पेटलेत, ते सगळेच बघतोय. काल आमच्याकडे चहाला चार माणसं जमली होती. टीव्हीवर बातमी लागली की मेक्सिकोचे अग्निशामक जवान कॅलिफोर्नियात पोचले, आणि युक्रेननंही दीडशे जवान पाठवायची तयारी दाखवली. शेजारचे काका म्हणाले, "ज्याच्या घरात स्वतःचीच आग विझेना तो युक्रेन अमेरिकेला माणसं देणार? आणि अमेरिकेनं तरी ती का घ्यावीत?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण मला २०१९ चा ऑगस्ट आठवला.

आमचं घर खाऊनपिऊन सुखी. आठ एकर ऊस, ट्रॅक्टर, गोठ्यात चार म्हशी. गावात कुणाकडं लग्न निघालं की तांदळाचं पहिलं पोतं आमच्या घरातनं जायचं. त्या आठवड्यात दूधगंगा उंबऱ्यावर आली आणि रात्रीत खिडकीच्या गजांपर्यंत चढली. होडीतनं बाहेर काढलं आम्हाला. निपाणीतल्या एका शाळेत गंजी केंद्र होतं, म्हणजे पूरग्रस्तांच्या राहण्या-जेवणाची सोय, तिथं गेलो. अप्पा दोन दिवस पंगतीला बसले नाहीत. आई विनवण्या करून दमली. "आपण वाढणारी माणसं, ताट पुढं करायची सवय न्हाय मला," एवढंच म्हणायचे आणि वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडायचे. शुगरची गोळी चालू, आणि पोटात फक्त चहा.

तिसऱ्या दिवशी बैलहोंगलच्या बाजूचा एक टेंपो आला. ज्वारीच्या कडक भाकऱ्या पोत्यांत भरलेल्या, आणि शेंगाचटणीच्या पुड्या. सोबत एक म्हातारी अव्वा होती. पंगतीत कोण बसलं नाही ते तिनं बरोबर हेरलं. अप्पांच्या पुढ्यात उकिडवी बसली, एक भाकरी कटकन मोडली, अर्धी त्यांच्यापुढं धरली आणि अर्धी स्वतः खायला लागली. "उण्री, यप्पा." म्हणजे जेवा, बाबा. दुसरं काही नाही. अप्पांनी घेतली. भाकरी चावताना त्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं, मी बघितलंय.

तर प्रश्न असा, की ज्याचं बरं चाललंय त्यानं, मग तो माणूस असो नाहीतर देश, अडचणीत पुढं आलेला हात धरावा, की "आम्ही समर्थ आहोत" म्हणून परत पाठवावा? मला वाटतं धरावा. तुमचं काय मत?

---

कुंदाप्रेमी (रात्री ९.४०)

अव्वाचं वाचून घशात आवंढा आला. बाकी उद्या सविस्तर लिहितो.

---

रायबागकर_बापू (रात्री १०.०५)

ताई, तुमच्या अप्पांची गोष्ट मनाला लागली, पण अमेरिकेशी जोडू नका. अप्पांचं घर पाण्यात होतं. अमेरिकेचं घर पाण्यात नाही, त्यांच्या एका खोलीला आग लागली आहे, बाकी बंगला शाबूत आहे. त्यांच्याकडं विमानं, पैसा, विमा सगळं आहे. मदतीला येणारा प्रत्येक जवान आणि प्रत्येक रुपया कुठून तरी उचलून आणलेला असतो. तो जिथं काहीच नाही तिथं जायला पाहिजे. श्रीमंतानं घेतलं की गरिबाच्या वाट्याचं कमी होतं, इतकं सरळ आहे हे. माझं मत: घेऊ नये, आणि देणाऱ्यानंही देऊ नये.

---

खानापुरी_रान (रात्री १०.३१)

बापूसाहेब, आग विझवण्यात पैशाचा प्रश्न नंतर येतो. तळ्यातनं पाणी उचलून आगीवर ओतणारी 'सुपर स्कूपर' विमानं कॅनडाच्या क्वेबेकमधनं दरवर्षी कॅलिफोर्नियात कराराने येतात. या वेळी त्यातल्या एकाला कुणाचं तरी ड्रोन धडकलं आणि ते जमिनीवर बसवावं लागलं. अशा वेळी खिशात किती डॉलर आहेत यानं आग विझत नाही, हाताशी शिकलेली माणसं किती आहेत यानं विझते. सगळे वणवे एकाच आठवड्यात पेटले की जगातला कुठलाही देश कमीच पडणार.

---

टिळकवाडीकर (१५ जानेवारी, सकाळी ७.५०)

हा विषय मी बरीच वर्षं वाचतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात मोठं उदाहरण कटरिनाचं. २९ ऑगस्ट २००५ ला ते वादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आलं, न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. जगभरातून मदतीचे हात पुढं आले. आपल्या हवाई दलाचं आयएल-७६ विमान २५ टन सामान घेऊन आर्कान्सातल्या लिटल रॉकला उतरलं. कांबळी, चादरी, ताडपत्र्या होत्या त्यात. शिवाय भारतानं ५० लाख डॉलर दिले. बांगलादेशनं १० लाख डॉलर देऊ केले. श्रीलंका तर आठ महिन्यांपूर्वीच्या त्सुनामीतून उठत होती, तरी तिनं २५ हजार डॉलर देऊ केले. कुवेतनं ५० कोटी डॉलरचं वचन दिलं, त्यातलं बरंचसं तेलाच्या रूपात.

आता पुढचं बघा. एवढी मदत घ्यायची कशी, ठेवायची कुठं, वाटायची कुणी, याची अमेरिकेकडं काही व्यवस्थाच नव्हती. आजवर ते फक्त देत आले होते. ब्रिटननं पाठवलेल्या तयार जेवणाच्या पाकिटांत गोमांस होतं, मॅड काऊ रोगाच्या नियमामुळं ती गोदामात पडून राहिली. क्युबानं दीड हजारांवर डॉक्टर तयार ठेवले होते, त्यांना होकार आलाच नाही. परदेशांनी ८५ कोटी डॉलरच्या वर देऊ केलं होतं, दोन वर्षांनी हिशोब निघाला तेव्हा त्यातले साधारण चार कोटीच खऱ्या कामाला लागले होते.

म्हणून माझं म्हणणं, घ्यावं की नाही याच्याइतकंच घेता येतं का हेही महत्त्वाचं आहे. देण्याची यंत्रणा उभी करायला सगळे धावतात. घेण्याचीही करावी लागते, हे श्रीमंत देशांच्या लक्षात उशिरा येतं.

---

मिरजेची_लेक (सकाळी ९.२२)

लग्न होऊन चिकोडीला आले, म्हणून हे नाव.

बापूसाहेब, तुम्ही बंगला आणि एक खोली म्हणालात. त्या खोलीत कोण राहत होतं तेवढं बघा. न्यू ऑर्लिन्समध्ये बाहेर पडा असा आदेश आला तेव्हा ज्यांच्याकडं मोटार होती ते निघून गेले. मागं राहिली ती म्हातारी माणसं, आजारी माणसं, आणि गाडी नसलेली गरीब, बहुतांश काळी कुटुंबं. छपरांवर बसून हात हलवणारी माणसं टीव्हीवर बघितली होती ना आपण? त्यांच्या देशाची श्रीमंती त्यांच्या छपरापर्यंत पोचली नव्हती. देश श्रीमंत असतो, पूरग्रस्त श्रीमंत नसतो. ताडपत्री मिळालेल्या बाईनं ती कुठल्या देशातनं आली म्हणून परत केली असेल काय?

---

रायबागकर_बापू (सकाळी १०.१५)

ताई, मुद्दा मान्य, पण मग त्यांच्या सरकारला जाब विचारा. तुमच्याकडं इतकं असून त्या छपरावर का पोचला नाहीत, असं. आपण ताडपत्री पाठवली की त्यांची जबाबदारी हलकी होते.

आणि मी हे कुठल्या जागेवरनं बोलतोय तेही सांगतो. २०१९ ला कृष्णेच्या पाण्यात आमच्या भावकीतली तीन घरं पडली. पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, असं सरकारनं जाहीर केलं. दोघांना 'अ' वर्ग मिळाला. तिसऱ्याचं घर मातीचं, समोरची एक भिंत उभी राहिली म्हणून मोजणीला आलेल्या माणसानं 'क' लिहिला. महिन्याभरात ती भिंतही बसली. मग कचेरीचे हेलपाटे सुरू. प्रत्येक वेळी नवा साहेब, प्रत्येक वेळी जुना फोटो आणा. तो माणूस अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. रात्री जेवायला आमच्याकडं येतो तेव्हा त्याच्याकडं बघून माझ्या मनात येतं, आधी याचं बघा, मग जगाचं. मी कंजूस म्हणून बोलत नाही.

---

मिरजेची_लेक (सकाळी १०.४०)

तुम्हाला कंजूस कोण म्हणेल, बापूसाहेब? त्यांचे जुने पंचनाम्याचे कागद असतील तर माझा दीर वकिली करतो, मी बोलते त्याच्याशी. मला वैयक्तिक निरोप टाका.

---

कुंदाप्रेमी (दुपारी १.०५)

काल म्हटलं तसं सविस्तर लिहितो.

युरोपवाल्यांनी यावर एक तोड काढलीय, ती आपल्याकडच्या बायकांनी कधीच काढली होती: भिशी! २००२ मध्ये मध्य युरोपात महापूर आला, त्यानंतर युरोपीय संघानं एक सामाईक निधी उभा केला. सगळ्यांनी घालायचे, ज्याच्यावर वेळ येईल त्यानं उचलायचे. २०२१ च्या जुलैत जर्मनीत पूर आला. संघाच्या तिजोरीत सगळ्यात जास्त भर घालणारा देश तो. त्यानंही ६१ कोटी युरो उचलले. कुणाला लाज वाटली नाही, कुणी उपकारही केले नाहीत. भिशी लागली तर घ्यायचीच असते. आमच्या शहापुरातल्या मावशीला पहिल्याच महिन्यात भिशी लागली होती, तर तिनं सगळ्यांना कुंदा, म्हणजे आमच्याकडची मिठाई, वाटला. जर्मनीनं काय वाटलं कुणास ठाऊक!

---

सांबऱ्याचा_फौजी (दुपारी ३.३०)

निवृत्त आहे, म्हणून वेळ आहे. २०१९ ला बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधले जवान होड्या घेऊन गावागावांत गेले होते, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकंही होती. आता याच एनडीआरएफचं सांगतो. तिची पहिली परदेशी मोहीम कुठं झाली? जपानला. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. आपले ४६ जण मियागी प्रांतातल्या ओनागावा गावात गेले. जपान म्हणजे भूकंपाच्या कामात जगाचा गुरू. तरीही आपल्या पोरांनी बर्फाळ थंडीत तिथले ढिगारे उपसले, आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीची धास्ती होती ती वेगळीच.

ढिगारा उपसायला लागलं की कोण कुठल्या देशाचा याचं भान राहत नाही, राहूही नये. समोरच्याला मान देऊन काम करायचं, एवढंच शिकवतात आम्हाला. अमेरिकेनं त्या वेळी आपल्या मोहिमेला 'टोमोदाची' नाव दिलं होतं. जपानीत त्याचा अर्थ दोस्त. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपाला आपण गेलो त्या मोहिमेचं नाव 'ऑपरेशन दोस्त'. मला हे फार आवडतं.

---

अंकलीवाला (सायंकाळी ५.१८)

दुसऱ्या देशाच्या गोष्टी राहू द्या. खालच्या आलमट्टी धरणाची उंची आणि वरच्या कोयना धरणाचा विसर्ग यावर कुणी बोलणार का? पूर येतोच कशाला हे आधी ठरवा. वरचे म्हणतात खालच्यांनी दारं उघडली नाहीत, खालचे म्हणतात वरच्यांनी एकदम सोडलं, आणि मधे आम्ही.

---

सांबऱ्याचा_फौजी (सायंकाळी ५.४०)

मधे आम्ही, हे शंभर टक्के खरं. पण आलमट्टीवर वेगळा धागा काढा, तिथं नक्की येतो. इथं सुरू झालं तर महिनाभर दुसरं काही होणार नाही.

---

उगारची_पाहुणी (रात्री ८.५५)

जपानबद्दल फौजीदादांनी लिहिलं, त्यात थोडी भर. मी पाच वर्षं तिकडे होते. १९९५ च्या १७ जानेवारीला कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. स्वित्झर्लंडनं माग काढणारी कुत्री देऊ केली, तर प्राण्यांच्या क्वारंटाइनचा नियम आडवा आला. ढिगाऱ्याखाली माणूस तासांच्या हिशोबानं जगतो, आणि कागद दिवसांच्या हिशोबानं चालतो. त्यावरनं जपानमध्ये फार टीका झाली. २०११ ला मात्र त्यांनी वीसहून अधिक देशांची पथकं येऊ दिली. घेणं हे शिकावं लागतं, हे टिळकवाडीकरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

दुसरी गोष्ट तैवानची. १९९९ च्या २१ सप्टेंबरला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा जपाननं ताबडतोब पथक पाठवलं. २०११ ला जपानवर वेळ आली तर एवढ्याशा तैवाननं २०० कोटी नव्हे, २००० कोटी येनच्या वर रक्कम गोळा केली, आणि त्यातली बरीचशी साध्या लोकांच्या खिशातली. गेल्या एप्रिलात तैवानच्या ह्वालिएनला भूकंप झाला, तर जपानी लोक पुन्हा पैसे घेऊन उभे. यातला श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

---

खानापुरी_रान (रात्री ९.४८)

पाहुणीताईंनी जे सांगितलं त्याला आमच्याकडं एक शब्द आहे: पैरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खानापूर भागात भाताची रोप लावण सगळ्यांची एकाच पंधरवड्यात येते. मजूर कुठनं आणणार? मग आज आमच्या चार बायका तुमच्या चिखलात, परवा तुमच्या चार आमच्या चिखलात. पैशाचं नाव नाही. वीस एकरवालाही पैरा करतो आणि वीस गुंठेवालाही करतो. वीस एकरवाल्याला कुणी "तुला कशाला माणसं, तुझ्याकडं पैसा आहे" म्हणत नाही, कारण पाऊस थांबत नाही आणि रोप वाट बघत नाही. फक्त एक नियम कडक, पैरा फेडायचा. ज्यानं फेडला नाही त्याच्या शेतात पुढच्या वर्षी कुणी उतरत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या २०१९-२० च्या वणव्यांचं बघा. फिजी आणि पापुआ न्यू गिनीनं सैनिक पाठवले, वानुआतूसारख्या टीचभर देशानं दोन कोटी वातू (तिथलं चलन) दिले. तीच वानुआतू, जिच्यावर २०१५ ला पाम चक्रीवादळ कोसळलं तेव्हा ऑस्ट्रेलिया धावली होती. फिजीचं २०१६ च्या विन्स्टन वादळात तेच. अमेरिकेचे तीन जवान तर २३ जानेवारी २०२० ला ऑस्ट्रेलियाची आग विझवताना विमान कोसळून गेले. याला दान म्हणायचं? हा पैरा आहे. म्हणून बापूसाहेब, माझ्या मते श्रीमंतानं जरूर घ्यावं, पण घेतलं ते वहीत लिहून ठेवावं.

---

रायबागकर_बापू (रात्री १०.३०)

पैऱ्याचा दाखला पटला. रानात राबलेल्या माणसाला तो पटणारच. माणसं, विमानं, कुत्री, डॉक्टर या बाबतीत माझा विरोध मी मागं घेतो.

पैशाच्या बाबतीत मात्र मी माझ्या जागी आहे. ज्याच्या तिजोरीत आहे त्याला रोख रक्कम देऊ नये.

---

टिळकवाडीकर (१६ जानेवारी, सकाळी ८.१०)

बापूसाहेबांच्या या फरकाशी मी बराचसा सहमत आहे. आता आपल्या देशाकडंही बघूया, कारण "घेणार नाही" असं म्हणणाऱ्यांत आपणही होतो.

१९९३ ला किल्लारी आणि २००१ ला भूज, दोन्ही वेळा भारतानं बाहेरची मदत घेतली. भूजला तर पाकिस्ताननंही सामान पाठवलं होतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीला धोरण बदललं. आपण सरकारांची मदत नाकारली आणि उलट नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला धाडली. त्या वेळी मला फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण २०१८ ला केरळ बुडालं, आखातातनं मदतीची तयारी दिसली आणि दिल्लीनं नाही म्हटलं, तेव्हा मला ते पटलं नाही. ज्या आखातात केरळची लाखो माणसं राबतात, तिथनं आलेला पैसा परका कसा? गंमत म्हणजे आपल्याच २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लिहिलंय की भारत मदतीचं आवाहन करणार नाही, पण दुसऱ्या देशाच्या सरकारनं सद्भावनेनं आपणहून देऊ केली तर केंद्र ती घेऊ शकतं. म्हणजे दार बंद नाही, फक्त आपण ठोठावत नाही.

२०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते दार उघडलं, आणि ऑक्सिजनची यंत्रं कितीतरी देशांतनं आली. त्या आठवड्यात माझा मेहुणा बेड मिळेना म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये सहा तास होता. ऑक्सिजन कुठल्या देशाचा, हे विचारायचं मला सुचलं असतं काय?

---

मिरजेची_लेक (सकाळी ११.००)

देणाऱ्यांसाठीही एक लिहिते. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी उतरल्यावर जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. फाटक्या साड्या, बटणं नसलेले शर्ट, एका पोत्यात तर नुसती लहान पोरांची स्वेटरं. महिनाभर त्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले आणि शेवटी ग्रामपंचायतीला ट्रॅक्टर लावून उचलावे लागले. आम्हाला काय हवं होतं? खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, मोटार सुकवणारा एक वायरमन, आणि जनावरांना वैरण. मला रेशनकार्ड दोरीवर चिमट्यानं वाळत घातलेलं आठवतंय, ते सरळ करायला इस्त्री हवी होती तर लाइट नव्हती. विचारून द्यावं. देश असो नाहीतर मंडळ.

---

दूधगंगाकाठ (१६ जानेवारी, रात्री ९.३५)

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं अप्पांना वाचून दाखवलं. पैऱ्याचं ऐकल्यावर उठून बसले आणि म्हणाले, पुढचं का लिहिलं नाहीस? म्हणून लिहिते.

२०२३ ला कर्नाटकात पाऊस फसला. २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले, बैलहोंगल त्यातच. आमच्याकडं नदीकाठ म्हणून ऊस उभा होता. तोडी सुरू झाल्या तशी अप्पांनी टोळीवाल्याला सांगून ठेवलं की यंदा आमच्या फडातलं वाडं, म्हणजे वैरणीचे उसाचे शेंडे, विकायचं नाही, त्याचे पैसे मी देतो. अव्वाचं नाव गाव काही माहीत नव्हतं. त्या टेंपोवाल्याचा नंबर तेवढा शाळेच्या शिपायाकडं लिहिलेला होता, चार वर्षांनी तो शोधून काढला. हिरव्यागार वाड्याचा ट्रक भरला आणि अप्पा स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून गेले.

अव्वा नव्हती. आदल्या वर्षीच गेली होती. सुनेनं वाडं उतरवून घेतलं, गावातल्या गोठ्यांत वाटून टाकलं, आणि अप्पांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. येताना कडक भाकऱ्यांचं एक गाठोडं दिलं. "नाही म्हणायला तोंडच उघडलं न्हाय माझं," असं अप्पा म्हणतात.

---

रायबागकर_बापू (रात्री १०.०२)

ताई, अप्पांना माझा नमस्कार सांगा. आणि चिकोडीच्या ताई, तुमच्या दिरांचा फोन आला होता. सोमवारी आम्ही कागद घेऊन येतोय. पडलेल्या भिंतीचा जुना फोटो एका पुतण्याच्या मोबाईलमध्ये सापडलाय, त्यावर तारीखही आहे.